गुडगुड्या डबा आणि चांदणी घोडी

माझी जागा एका डब्याने घेतली आणि पुढे आयुष्यभर मी त्याच जातीचे डबे दुरुस्त करत बसलो. असं नशीब फार थोड्या कलावंतांच्या वाट्याला येतं. जळगावात माझं एक चिंचोळं दुकान आहे. गिटारची पेडलं, म्हणजे आवाज बदलणारे पायाने दाबायचे डबे, अ‍ॅम्प्लिफायर, गाण्याचे मिक्सर असं सगळं मी दुरुस्त करतो. सुरुवातीला बायका चटणीचे मिक्सर घेऊन यायच्या, तेव्हा मी पाटीकडे बोट दाखवून फरक समजावून सांगायचो. नंतर सांगून कंटाळलो आणि तेही दुरुस्त करून द्यायला लागलो.

त्याआधी मी धुळ्याच्या हिलालनानांच्या बँडमध्ये बास गिटार वाजवत होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या गिटारला सहा तारा असतात, बासला चार जाडजूड. तिच्यातून खालचे, पोटात घुमणारे सूर निघतात. गाण्याला ती खालून धरून ठेवते, पण तिच्याकडे बघत कोणी नाही. लग्नाचं शूटिंग करणारा नवरदेवाच्या मोजड्या दाखवील, जनरेटर दाखवील, रस्त्यात झोपलेलं कुत्रं दाखवील, पण बास वाजवणाऱ्याला कधी दाखवायचा नाही. माझ्याच लग्नात मी हौसेने वाजवली, तर त्याही शूटिंगमध्ये मी फक्त अक्षता पडताना आहे.

हिलालनाना बँडचे मालक आणि मुख्य गिटारवाले. उंच, गोरे, गळ्यात गिटार आली की वीस वर्षांनी लहान दिसणारे. एकदा ते मुंबईहून एक डबा घेऊन आले. खाकी रंगाचा, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, मध्ये पायाने दाबायचं बटण. त्यांनी गिटारची वायर डब्यात घातली, डब्याची अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, बटण दाबलं आणि एक तार छेडली. वर त्यांचा सूर वाजला आणि त्याच्याखाली, बरोबर एक सप्तक खाली, तोच सूर घुमला. मी वाजवायचो तोच. नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत वाईटपणा नव्हता, नवं खेळणं मिळाल्याचा निव्वळ आनंद होता.

"बाळू," ते म्हणाले, "तू बठ्ठा या डबामा ई गया रे."

सगळाच्या सगळा मी त्या डब्यात मावलो होतो. बँडच्या गाडीत जागेची कायमची मारामार होती, त्यामुळे पुढच्या सुपारीपासून माझ्या जागेवर जनरेटरच्या डिझेलचा कॅन बसला. कॅन माझ्यापेक्षा कमी बोलतो, असं नाना येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत. मी जळगावला आलो, सोल्डरिंग आयर्न विकत घेतलं आणि दुकान टाकलं.

दुकानात पहिलं पेडल कोणाचं आलं असेल? नानांचंच. डब्याला घशाचा आजार झाला होता. नाना स्वतः धुळ्याहून घेऊन आले आणि समोरच्या स्टुलावर काळजीने बसून राहिले. मी झाकण उघडलं. सवतीचं बाळंतपण करायची वेळ यावी तसं मला वाटत होतं. आत एक तार सुटली होती, ती जोडली आणि डबा परत बोलायला लागला. तेव्हापासून त्या डब्याचा डॉक्टर मीच.

आता हे डबे दोन जातींचे असतात, आणि गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: अ‍ॅनालॉग चांगला की डिजिटल? मी माझ्या पद्धतीने सांगतो. तार छेडली की ती हेलकावे खाते. अ‍ॅनालॉग डबा ते हेलकावे एक सोडून एक मोजतो. हेलकावे निम्मे झाले की सूर एक सप्तक खाली उतरतो, मधल्या सा चा खालचा सा होतो. यात विचार असा काही नाही, त्यामुळे उत्तर ताबडतोब. आवाज जाड, जरा खरखरीत, पोटातून आल्यासारखा. पण त्याला एका वेळी एकच तार कळते. दोन तारा एकदम छेडल्या की कोणाचे हेलकावे मोजू आणि कोणाचे सोडू, हे त्याला समजत नाही. मग तो गोंधळतो आणि गुडगुडतो. नानांच्या डब्याचं नावच आम्ही गुडगुड्या ठेवलं होतं.

डिजिटल डबा शिकलेला. तो आधी सुराचे आकडे करतो, आकड्यांवर विचार करतो आणि मग त्यांचा परत सूर करून देतो. त्याच्यासमोर सहाच्या सहा तारा एकदम छेडा, तो सहाही नीट खाली उतरवतो. शिवाय वरचं सप्तक हवं तर वरचं देतो. गुडगुड नाही, खरखर नाही. फक्त विचार करायला त्याला पापणी लवण्याइतका वेळ लागतो. ज्याचा कान तयार आहे त्याला बोट आणि आवाज यांच्यामध्ये ती बारीक फट जाणवते. बाकीच्यांना ती पैसे दिल्यावरसुद्धा जाणवत नाही.

कोणताही डबा आला की मी तपासायला माझी जुनी बास काढतो. डब्याचा खालचा सा आणि बासचा खरा खालचा सा शेजारी शेजारी वाजवून बघतो. सराफ कसोटीवर सोनं घासतो तशी ही माझी कसोटी. या निमित्ताने बास हातात येते, हे दुसरं कारण मी गिऱ्हाइकाला सांगत नाही.

गिऱ्हाइकंही एकेक असतात. नशिराबादच्या पलीकडच्या एका खेड्यातले उखाभाऊ आले होते. गावात लाउडस्पीकरवरून नळाला पाणी सुटल्याची सूचना देणं हे त्यांचं काम. माणूस धिप्पाड, मिशा झुबकेदार, पण आवाज पिपाणीसारखा. गावातली पोरं नक्कल करायची. कोणीतरी त्यांना सांगितलं की जळगावात आवाज खाली उतरवायचा डबा मिळतो. मी म्हटलं, भाऊ, हा गिटारसाठी असतो. ते म्हणाले, "गिटारले पानी सुटस का? माले द्या."

मी एक जुना अ‍ॅनालॉग दिला आणि माइकला जोडायचं कसं ते दाखवलं. माणसाच्या बोलण्यात काही एकच सूर नसतो, त्यामुळे डबा पहिल्या शब्दापासूनच गडबडला. "नळाले पानी उनं शे" याचं सगळ्या गावभर नुसतं गुडगुड, गुडगुड ऐकू गेलं. आणि आवाज हुबेहूब पाइपात पाणी यायच्या वेळी होतो तसा असल्यामुळे अख्खं गाव हंडे घेऊन बाहेर आलं. उखाभाऊ खूश झाले. पण शहाणपणाचा किडा मला चावला. मी त्यांना बोलावून घेतलं आणि तो डबा काढून चांगला डिजिटल लावून दिला. आता शब्द न शब्द स्पष्ट आणि आवाज एकदम भारदस्त. आठवड्यात ते परत दारात.

"माले पहिलाच द्या," ते म्हणाले. "यामा बठ्ठं समजस, पन कोनी घरमाईन निंघस नही. लोकेसले वाटस बँकना मानूस वसुलीले उना."

उखाभाऊंचा गुडगुड्या अजून चालू आहे. दोन जातींमधला फरक मला त्यांच्याकडूनच नीट समजला, असं मी आता म्हणतो.

हिलालनानांशी मात्र वाद मिटला नव्हता. ते दर लगीनसराईआधी डबा तपासायला आणत, आणि मी दर वेळी नवा डिजिटल काढून दाखवत असे. नाना वाजवत, मान हलवत, परत देत. "हाऊ डबा इचारीसन वाजाडस," ते म्हणत. "माले इचार करनारा डबा नको. इचार कराले मी शे ना." मग त्यांच्या डब्याचा सूर आणि माझ्या बासचा सूर मी शेजारी वाजवून दाखवायचो आणि त्यांच्या तोंडाकडे बघायचो. ते चहा प्यायचे.

मला काय हवं होतं ते सरळ लिहून टाकतो. मला पेडल विकायचं नव्हतं. एकदाच, फक्त एकदा, नानांच्या तोंडून ऐकायचं होतं की बाळू, तू गेल्यावर खाली काहीतरी रिकामं झालं, ते डब्याने भरलं नाही. त्यांनी ते कधी म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. चहाचा कप खाली ठेवून ते गेले की मला वाईट वाटायचं. आमची सौ. म्हणायची, "अहो, डब्यावर काय रुसता?" मी म्हणायचो, डब्यावर नाही.

गेल्या लगीनसराईत धुळ्याचे कापडाचे व्यापारी शांतिलालजी यांच्या मुलाचं लग्न जळगावात होतं. वरात धुळ्याची, म्हणून बँडही धुळ्याचा, हिलालनानांचा, आणि घोडीही धुळ्याची, युसूफभाईंची चांदणी. चांदणी म्हणजे नाचणारी घोडी. पांढरीशुभ्र, पायात घुंगरू, आणि स्वभावाने एखाद्या जुन्या नटीसारखी. बँड वाजला की जागच्या जागी पाय उचलून नाचते. लहानपणापासून तिने हिलालनानांशिवाय दुसऱ्या कोणाचा बँड ऐकलेला नव्हता.

शांतिलालजींना सगळं डिजिटल हवं होतं. पत्रिका मोबाइलवर, हॉलमध्ये मोठा पडदा, आहेरसुद्धा मोबाइलवर. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं की नानांचा डबा अ‍ॅनालॉग आहे. त्यांनी निरोप पाठवला की आमच्या वरातीत जुना माल चालणार नाही. नाना हट्टी, पण शेठ घरचे, कित्येक वर्षांचं गिऱ्हाईक. गुडगुड्या धुळ्यातच कपाटात ठेवून नाना सकाळी माझ्या दारात उभे राहिले.

"दे भो," ते म्हणाले, "एक इचार करनारा."

मी दिला. त्यावर बटणं भरपूर आणि एक छोटा चमकता पडदाही होता. तो बघून नानांनी मलाच हाताला धरलं. वरातीत गाडीवर बस आणि हे सगळं तू सांभाळ, म्हणाले. मोकळ्या रस्त्यावर डब्याचा खालचा आवाज किती ठेवायचा हे पारखायला मी माझी कसोटी, म्हणजे बास, बरोबर घेतली. गाडीत माझी जुनी जागा होती, पण तिथे कॅन होता. मी कॅनच्या शेजारी उभा राहिलो.

मुहूर्त गोरज. शांतिलालजींच्या घराण्यात नवरदेव घोडीवर बसूनच मांडवाच्या दारातलं तोरण तलवारीने शिवतो, मगच खाली उतरतो. दारापर्यंत घोडी गेलीच पाहिजे. वरात निघाली. नानांनी पहिलं गाणं धरलं. नवा डबा असा काही स्वच्छ वाजला की मी मनातल्या मनात दुकानाची जाहिरात लिहायला लागलो. चांदणी नाचायला लागली. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, चांदणी नाचतच होती. तिसरं झालं. मग लक्षात आलं की वरात पुढे सरकलेली नाही.

चांदणी जागच्या जागी नाचत होती. एक पाऊल पुढे नाही. वर नवरदेव गचके खात होता, फेटा डोळ्यांवर आला होता आणि हातातली तलवार बघून जवळचे पाव्हणे लांब सरकत होते. नवरदेवाच्या मेव्हण्याने घोडीला मागून ढकलून पाहिलं. तिने शेपटीचा असा फटकारा दिला की त्याचा चष्मा समोरच्या रसवंतीत गेला. बँड बंद करून पाहिला. चांदणी थांबली आणि कान टवकारून, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी उभी राहिली. सूर्य खाली चालला होता. मांडवाकडून माणूस धावत आला, गुरुजी घड्याळ बघताहेत म्हणून. कोणीतरी सुचवलं की तोरणच इकडे आणू. शांतिलालजी म्हणाले, "तोरण दाराला असतं. मग दार पण आणा." दोन उत्साही पाव्हणे खरोखर दार बघायला निघाले होते.

नाना गाडीवरून ओरडले, "युसूफभाई, काय व्हयनं हिले?"

युसूफभाई घाम पुसत गाडीजवळ आले. "नाना, वो गुडगुड किधर गया?"

"कोनती गुडगुड?" नानांनी विचारलं.

"गाना खतम होता तो आप सब तार एकसाथ मारते ना, तो आपका डब्बा गुडगुड करता था. उसीपे मैं गुड़ देता और आगे लेता. बचपन से उसको वही सिखाया. गुडगुड हुआ, गुड़ खाया, चला. अब गुडगुड ही नहीं, तो ये समझती है गाना बाकी है."

असा सगळा प्रकार होता. गाण्याच्या शेवटी सगळ्या तारांवर हात मारायची नानांची जुनी सवय, त्यावर डब्याची दर वेळची चूक, आणि त्या चुकीवर घोडीचं सगळं शिक्षण. मी नानांना म्हटलं, मारा तारा. नानांनी सहाही तारांवर हात मारला. डिजिटल डब्याने त्या सहाही एकेक करून, मोठ्या अदबीने खाली उतरवल्या. फार गोड वाजलं. मी सगळी बटणं फिरवली, खालचं सप्तक वाढवलं, वरचं लावलं, दोन्ही एकदम लावली. आवाज चर्चमधल्या पेटीसारखा झाला आणि चांदणी दुप्पट हुरूपाने नाचायला लागली. वरून नवरदेव म्हणाला, "मी उतरतो." खालून त्याचे सगळे काका एका सुरात म्हणाले, "नाही."

"याले चूक कराले लाव ना," नाना म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. आयुष्यभरात त्यांची एकही वरात रस्त्यात अडली नव्हती.

"नाना, याला चूक येत नाही."

असं म्हणता म्हणता माझा हात बासकडे गेला. त्या गुडगुड्याला मी किती वेळा उघडलं, किती वेळा झाकलं, याचा हिशेब नाही. त्याची चूक मला तोंडपाठ होती. मी बासची वायर जोडली, जाड तारेवर दोन सुरांच्या मध्ये बोट झरझर घसरवलं आणि उजव्या तळव्याने तार अर्धवट दाबून धरली. गुडगुड झाली. चांदणीने एक कान हलवला, माझ्याकडे पाहिलं आणि परत नाचायला लागली. मी फारच सुरात चुकलो होतो.

मग डोळे मिटून डबा आठवला. तो आधी खोकल्यासारखं एकदा अडायचा. मग गुडगुड. आणि शेवटी पाणी मोरीत गेल्यासारखी एक शेपूट. खोकला, गुडगुड, शेपूट. नानांनी गाणं शेवटाला आणलं, तारांवर हात मारला आणि मी खालून सगळा आजार वाजवला.

चांदणी थांबली. तिने तोंड उघडलं. युसूफभाईंनी गुळाचा खडा टाकला आणि ती पुढे निघाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, बहुतेक घोडीसाठी. पुढे मांडवापर्यंत नाना गाणं वाजवत आणि मी चुका वाजवत गेलो. मधेच गूळ संपला, तेव्हा युसूफभाईंनी वऱ्हाडी मंडळींच्या हातातले पेढे काढून घेतले. सूर्य टेकत असताना नवरदेवाने एका हाताने फेटा वर केला आणि दुसऱ्या हातातल्या तलवारीने तोरण शिवलं. नाना कॅनवर टेकले आणि माझ्याकडे वाकून म्हणाले, "बाळू, डबा बठ्ठा तुनामा ई गया रे." मी हसलो. पण मला ऐकायचं होतं ते हे नव्हतं, आणि एवढं करूनही ते आलं नाही म्हणून आत जरा खट्टू झालं.

तेवढ्यात शांतिलालजी गाडीजवळ आले. चेहऱ्यावर गुलाल आणि समाधान.

"हिलालभाऊ, शेवटी ते जे लावलं ना, ज्याने घोडी हलली, ते मशीन कोणतं? धाकट्याच्या लग्नात पण तेच पाहिजे."

नानांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हाऊ."

शांतिलालजींनी मला वरपासून खालपर्यंत, तागा पारखावा तसं पाहिलं. "डिजिटल आहे ना?"

"नही शेठ," नाना म्हणाले. "पक्का अ‍ॅनालॉग शे. एका टाइमले एकच काम समजस, दोन सांगी ते गुडगुड करस." मग त्यांनी गिटार गळ्यातून काढली आणि आवाज जरा खाली आला. "पन येना बदलामा दुसरं काही चालस नही. मी गंज डबा लाई देखात."

पुष्कळ डबे लावून पाहिले होते त्यांनी, आणि माझ्या जागी एकही चालला नव्हता. मला रडू आलं. जनरेटरच्या धुराने आलं असं मी त्या वेळी सांगितलं.

आता मी परत बँडमध्ये आहे. दुकान सकाळी उघडतो, लगीनसराईत संध्याकाळी बंद ठेवतो. गुडगुड्या नानांच्या कपाटात असतो आणि त्याचा आजार माझ्याकडे. गाडीतली माझी जागाही मला परत मिळाली. कॅन उतरवायला मात्र नाना तयार नाहीत, म्हणून वरातीच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत तो माझ्या मांडीवर असतो.